दुसऱ्या भागाआधी थकबाकीची वही

मी अठ्ठावीस वर्षं एका पतसंस्थेत हिशेब तपासले. गेली सहा वर्षं एका कल्पित राज्याच्या लढाया लिहिते आहे. पहिला भाग राजाच्या मृत्यूवर संपला होता. दुसऱ्याची सुरुवात मी थेट रणधुमाळीने केली आणि तीन प्रकरणं फाडून टाकली. चाळीस हजारांची फौज महिनाभर उजाड पठारावरून चालवली होती. शेती करणाऱ्या धाकट्या भावजींनी मसुदा वाचला आणि एवढंच विचारलं, "वहिनी, घोड्यांनी खाल्लं काय?"

तुम्हालाही युद्धाची, दरबारी कारस्थानांची कल्पित कथा पुढे न्यायची असेल, तर आधी दोनशे पानी वही घ्या. पहिला भाग पुन्हा वाचत त्यात थकबाकी उतरवा. कुणाचा पगार थकला, कुणाला दिलेला शब्द तसाच राहिला, कुणाचा बाप कुणाच्या हातून मेला आणि हे ठाऊक कुणाला आहे. माझ्या वहीत एकशे बारा नोंदी झाल्या. त्यातल्या तीसेक अशा होत्या, की त्या वसूल करायला माणूस तलवार उपसेल. दुसऱ्या भागाचं कथानक मला त्या तिसांतच सापडलं.

हे मी आपल्या इतिहासातून शिकले. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. पण रघुनाथराव ती मोहीम संपवून परतले ते कर्जाचा बोजा घेऊन. पुढे १७६० मध्ये उत्तरेला त्यांच्याऐवजी सदाशिवरावभाऊंना पाठवलं गेलं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मला मात्र वाड्यात घुसलेल्या गारद्यांच्या, म्हणजे पेशव्यांच्याच पगारी शिपायांच्या, तोंडी थकलेल्या पगाराची मागणी होती, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. मारेकऱ्यांना आत शिरायला कारण लागतं, आणि इथे ते हिशेबाच्या वहीतच होतं.

आता भावजींचा प्रश्न. घोड्याला दिवसाला चार किलो दाणा धरा, वैरण वेगळी. दहा हजार घोड्यांना चाळीस टन झाला. स्वार आणि त्यांच्यामागचे नोकरचाकर मिळून वीस हजार माणसं, प्रत्येकी पाऊण किलो, म्हणजे आणखी पंधरा टन. बैल पाठीवर साधारण शंभर किलो वाहतो. म्हणजे एका दिवसाच्या रसदीला साडेपाचशे बैल. वीस दिवसांच्या वेढ्याला अकरा हजार, आणि ते बैलही चरणारच. आपल्याकडे फौजांना धान्य पुरवायचे वंजाऱ्यांचे तांडे, ते यासाठीच. हा हिशेब मांडल्यावर मी फौज चाळीस हजारांवरून नऊ हजारांवर आणली, आणि कथेत धान्याचा तांडा अडवणारा एक सामान्य देशमुख अचानक राजाइतका मोठा झाला.

रक्ताच्या चिळकांड्यांनी कथा रांगडी होत नाही. पानिपतावर दोन्ही फौजा अडीच महिने समोरासमोर बसल्या होत्या. अब्दालीने रसद तोडली होती, आणि मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे होते. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, अशी वेळ आली तेव्हा १४ जानेवारी १७६१ उजाडला. तुमच्या लढाईआधीचे असे दिवस सविस्तर लिहा. लढाई दोन पानांत संपली तरी चालेल.

मग टपालाचं कॅलेंडर करा. भिंतीवर कागद लावा, प्रत्येक ठाण्यासाठी एक ओळ, आणि बातमी कुठे कितव्या दिवशी पोचते ते लिहा. पानिपतानंतर दहा दिवसांनी, २४ जानेवारीला, भिलशाजवळ (आजचं विदिशा) नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र लागलं. दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही, असा सांकेतिक मजकूर. ते दहा दिवस हा बाप मुलाच्या मदतीला निघाला होता, आणि विश्वासराव केव्हाच पडला होता. मी हे वाचून दोन दिवस काही लिहू शकले नाही. तुमच्या प्रत्येक मोठ्या पात्राला असे काही दिवस द्या, ज्यात वाचकाला कळलंय आणि त्याला नाही.

कारस्थानाला मात्र पुढे ढकलता न येणारी तारीख लागते. नारायणरावांच्या खुनानंतर रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांचं, म्हणजे बारभाईंचं, सगळं राजकारण नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंच्या पोटातल्या बाळावर टेकलं होतं. त्यांना पुरंदरावर नेलं, आणि १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला. मुलगी झाली असती तर? तो प्रश्न कित्येक महिने त्या गडावर प्रत्येकाच्या उशाशी असणार. आणि हा डाव खेळणारे नाना मुळात फडणीस होते, राज्याचे हिशेब ठेवणारे. तुमच्या दरबारात कारकुनाला जागा द्या. कोण किती बुडाला आहे हे त्यालाच माहीत असतं.

मागच्या भागाची आठवण करून देण्यासाठी सारांशाचं प्रकरण लिहू नका. वसुलीला आलेल्या माणसाकडून ती करून द्या. माझ्या दुसऱ्या भागात राजाचं तेरावं व्हायच्या आतच तांड्याचा नाईक सुतकातल्या राणीपुढे उभा राहतो आणि गेल्या मोहिमेतल्या सहा हजार गोण्यांचे पैसे मागतो.