देवराई राखायची तर आधी नोंदवही लिहा

कुंपण, फलक आणि वृक्षारोपण एवढ्यानं देवराई, म्हणजे देवाच्या नावानं गावानं राखलेलं रान, वाचत नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातली, गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत काम करते. शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत अजून कितीतरी गावांत राया उभ्या आहेत, त्या गावानं राखल्या म्हणून. तुमच्याकडे राई असेल तर काय करायचं ते सांगते.

आधी तलाठ्याकडून राईच्या गटाचा सातबारा काढा. देवस्थान इनाम, वनखातं, गायरान की कुणाची भावकी, यावर परवानगीचा रस्ता ठरतो. गाव म्हणतं देवाची आहे आणि उताऱ्यावर भलतंच नाव निघतं, असं होतं. वनखात्याची निघाली तर वनरक्षकांना पहिल्या बैठकीपासून बोलवा.

मग समिती. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. ग्रामसेवकांना विचारा, पुष्कळदा ठराव झालेला असतो आणि कागद कपाटात पडून असतो. समितीत रानात पाय असलेली माणसं घ्या: धनगरवाड्यावरचा जाणता, झाडपाल्याचं औषध देणारी आजी, ओढ्याला मासे धरणारी पोरं, देवाचा गुरव. बायका हव्यातच, कारण रानभाजी त्याच आणतात. बैठक संध्याकाळी दूध संस्थेत ठेवा. दूध घालायला सगळं गाव तिथं येतंच, निरोप फिरवावा लागत नाही.

खरं काम लोकजैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातली झाडं, जनावरं, मासे, बियाणं गावानंच लिहून ठेवायचं. राज्य जैवविविधता मंडळाचा नमुना आहे, पण सुरुवात साध्या जाड वहीनं करा आणि निदान वर्षभर लिहा. एका आठवड्यात उरकलेल्या वहीत फक्त मोठी झाडं येतात. जूनमध्ये ओढे वाहू लागले की मासे लिहा. पुढं पावसात कुर्डू, भारंगी, टाकळा, आळंबी. गणपतीच्या सुमाराला सड्यावर चढा, कातळावरची गेंदाची आणि सीतेच्या आसवांची फुलं तेव्हाच दिसतात. उन्हाळ्यात जांभूळ, करवंद, तोरणं.

प्रत्येक नोंदीत गावातलं नाव, जागा, हंगाम, उपयोग आणि एक रकाना जास्तीचा: पूर्वीपेक्षा वाढलं की कमी झालं? मला हा रकाना सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो म्हाताऱ्या माणसांकडून भरून घ्या, आणि घरी बोलावून नाही, त्यांच्याबरोबर रानात चालत. झाड समोर दिसलं की आठवण निघते. शास्त्रीय नावाची घाई नको. फोटो काढून ठेवा, शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा जवळच्या महाविद्यालयात दाखवता येतात. शेतातलं बियाणंही लिहा. आजरा घनसाळ या भाताला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण काळा जिरगा हा दुसरा भात कुणाच्या कणगीत शिल्लक आहे, हे गावालाच ठाऊक असतं.

एक पान मात्र कुलपात ठेवा. नरक्या या झाडापासून कर्करोगावरच्या औषधांचं रसायन मिळतं, म्हणून त्याची चोरटी तोड होते. अशा झाडांची जागा व्हॉट्सअॅपवर टाकू नका. विक्रीसाठी कुणी गावच्या हद्दीतून वनौषधी न्यायला आला, तर कायद्याच्या कलम ४१ खाली समिती त्याच्याकडून शुल्क घेऊ शकते. हे किती गावांना सांगितलं गेलंय? पावतीपुस्तक छापून तयार ठेवा.

वही भरत आली की नियम आपोआप सुचतात. आमच्याकडे राईतलं वठलेलं झाड तोडायचं नाही, हा पहिला नियम. धनेश पक्ष्याची मादी अशाच जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालून बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट राहते. नर उंबराची फळं आणून त्या फटीतून एकेक भरवत राहतो. साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत हे चालतं. नर मेला किंवा झाड पडलं तर आतलं सगळं कुटुंब जातं. ‘वाळलंय, सरपणाला नेतो’ म्हणणाऱ्याला वाद न घालता लांबून ती फट दाखवा.

जीर्णोद्धाराबद्दल स्पष्ट बोला. देऊळ नवं करा, पण भोवती पेव्हर ब्लॉक घालू नका आणि खालची झुडपं ‘स्वच्छता’ म्हणून काढू नका. राई म्हणजे झुडपं, वेल, पालापाचोळा सगळं मिळून. मोकळी जागा दिसली म्हणून ग्लिरिसिडिया, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणं तर साफ चूक. काढायचीच असेल तर कडेनं घुसलेली रानमोडी आणि घाणेरी ही तणं काढा, तीही फुलावर यायच्या आत.

चढणीच्या माशांचा ठराव मे महिन्यातच घ्या. पहिल्या पुराला मासा पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, घेऊन वर चढतो, तेव्हा ओढा आडवा पूर्ण बांधायचा नाही, एक बाजू मोकळी सोडायची. मासे मारायला विजेचा करंट आणि ब्लीचिंग पावडर कायमची बंद.

वणव्यासाठी दिवाळीनंतर गवत वाळू लागलं की राईभोवती जाळपट्टा काढा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा. डोंगर पेटवला की गवत चांगलं येतं, असं मानणारे घरोघर आहेत. त्यांनाच पट्टा काढायला आणि रात्रीच्या गस्तीला बोलवा. गस्तीची पाळी आणि फोन नंबर दूध संस्थेच्या भिंतीवर लावा, शेजारच्या गावालाही एक प्रत द्या, कारण आग बहुतेक वेळा हद्दीपलीकडूनच येते.