ओल मालकाची की भाडेकरूची? भांडण्याआधी या चुका टाळा

मालक मुंबईत, भाडेकरू रत्नागिरीत आणि घराच्या चाव्या माझ्याकडे, असा माझा व्यवहार. जुलै लागला की फोन सुरू. भाडेकरू म्हणतो, "काका, भिंत काळी पडली." मालक म्हणतो, "ते लोक खिडक्याच उघडत नाहीत हो." पाणी येतंय कुठून, हे मात्र दोघांनाही बघायचं नसतं.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे गणपतीआधीचा रंग. भर पावसात, ओल्या भिंतीवर पुट्टी आणि वर वॉटरप्रूफ रंग. आमच्याकडच्या भिंती जांभ्याच्या, आणि जांभ्याचा चिरा (लाल, सच्छिद्र दगड) पाणी पितो. आतून रंगाने तोंड बांधलं की ओल कोंडते आणि दसऱ्याला पोपडे हातात येतात.

एका घरात हा खेळ तीन वर्षं चालला. तिसऱ्या वर्षी मालक म्हणाला, "घरात कपडे वाळवता, रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापतो." मी गेलो. दुधाची पिशवी कापली, धुऊन पुसली आणि त्यातल्या त्यात धड गिलाव्यावर चारही कडांनी चिकटपट्टीने बसवली. दोन दिवसांनी खोलीकडून पिशवी कोरडी, भिंतीकडून थेंबच थेंब. कपड्यांचा दमटपणा असता तर थेंब खोलीकडे धरले असते. छत्री घेऊन मागे गेलो, तर पन्हळ सांध्यात फुटलेली, धार थेट भिंतीवर. आणि खाली भाडेकरूने अळू लावायला भिंतीला टेकून हातभर माती ओढलेली! मालकाने पन्हळ बदलली, भाडेकरूने माती काढली. रंग मी फेब्रुवारीपर्यंत लावू दिला नाही. मालक अजून कुरकुरतात, गणपतीला पाहुणे आले होते म्हणे.

दुसरी चूक, तोंडी तक्रार करायची आणि मग रागाने भाडं थांबवायचं. घर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कक्षेत येत असेल आणि करारात वेगळं ठरलं नसेल, तर कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर आहे. किमान १५ दिवसांची नोटीस द्या. त्यानंतरही वाजवी मुदतीत त्याने हात हलवला नाही, तर दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायचा परवाना) असेल तर आधी करार काढून वाचा. "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची" एवढंच लिहून सही करू नका. पन्हळ, कौलं आणि नळाची गळती कोणाकडे, ते नावानिशी लिहून घ्या. राहायला येताना कोपऱ्यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा.

बंद खोलीत कपडे वाळवून वर मालकाला नोटीस पाठवणारेही मला माहीत आहेत. त्यांची बाजू मी घेत नाही.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा.

बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला रुमाल बांधा.

ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. "पटकन जाईल" म्हणून हे करणारे दरवर्षी भेटतात.

धुपाने वास झाकतो, ओल जात नाही.

आणि कौलं मे महिन्यातच चाळून घ्या, म्हणजे उतरवून, फुटकी बदलून परत रचून घ्या. जूनमध्ये फोन केलात तर माणूस मिळत नाही, मिळालाच तर निसरड्या कौलांवर चढत नाही.