राजगडावरचा कचरा उतरवायचाय? आधी भंगारवाला गाठा

गडस्वच्छतेचं ठरलं की लोक टी-शर्ट आणि बॅनर छापायला टाकतात. मी आधी आमच्या भागातल्या भंगारवाल्याकडे जातो. रविवारी संध्याकाळी दुकान उघडं ठेवणार का, आणि काय काय घेणार? पाण्याच्या बाटल्या, पत्रा, पुठ्ठा तो घेतो. काच कुरकुरत घेतो. चिप्स-बिस्किटांचे आतून चंदेरी असलेले पुडे मात्र घेत नाही, आणि गडावरच्या पद्मावती माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाट भागावर, ढिगाने सापडतात ते हेच. त्यांच्यासाठी महापालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रात आधीच बोलून ठेवायचं. नाहीतर गोण्या पायथ्याच्या गावात पडून राहतात, मग कोणीतरी काडी लावतं आणि धूर गावकऱ्यांच्या नशिबी.

राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे, 2025 पासून युनेस्कोच्या यादीतही आहे. पुरातत्त्व विभागाला पत्र द्या, ग्रामपंचायतीच्या कानावर घाला. तळ्यातला गाळ उपसणं, झुडपं तोडणं, दगड रचणं असली हौस परवानगीशिवाय नको. आणि चढायच्या आधी नव्या पोरांना एक गोष्ट बजावून सांगा: मातीत खापराचे, कौलांचे तुकडे दिसले तर हात लावायचा नाही. उत्साहाच्या भरात तेही गोणीत जातं.

दिवस निवडा गवत वाळल्यावरचा, जानेवारी ते मार्चमधला. पावसाळ्यात गवतात बाटली दिसत नाही आणि पाय घसरतो तो वेगळाच.

वीस-पंचवीस माणसं पुरे. किराणावाल्याकडून साखरेची रिकामी पोती घ्या, सुतळी आणि जाड हातमोजे घ्या. काचेसाठी तागाचं गोणपाट, तेही अर्धंच भरायचं. प्लॅस्टिकच्या पोत्यातून फुटकी काच बाहेर येते आणि उचलणाऱ्याच्या पाठीला लागते. बाटलीतलं पाणी ओता, पिळून चपटी करा आणि दाबलेली असतानाच बूच घट्ट लावा, म्हणजे ती परत फुगत नाही. एका पोत्यात कितीतरी जास्त मावतात. बाटलीत पुडे कोंबायची युक्ती काहीजण करतात. ती करू नका, भंगारवाला मग बाटलीही घेत नाही.

देवळामागचा उतार आणि तटाखालची बाजू हीच खरी कचऱ्याची ठिकाणं, पण तटाखाली फक्त दोर वापरता येणाऱ्यांनीच उतरावं. बाकीच्यांनी माची आणि तळ्याचा काठ धरावा.

उतरताना चोर दरवाजाची वाट नको. तिथे रेलिंगला दोन्ही हात लागतात, पोतं धरणार कशाने? पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी या आणि टेम्पो त्याच बाजूला उभा ठेवा.

गडावर कचऱ्याचे डबे ठेवू या, असं दरवेळी कोणीतरी सुचवतं. माझा ठाम विरोध आहे. रोज रिकामा करणारं कोणी नसेल तर डब्याभोवतीच उकिरडा होतो. त्यापेक्षा वापरून फेकायच्या पेल्यांबद्दल ताक-सरबत विकणाऱ्या मावशींशी बोला. त्यांनी स्टीलचे पेले ठेवले तर ते घासायला पाणी लागतं, आणि गडावर पाणी डोक्यावरून आणावं लागतं. म्हणून पेले आपल्या गटाने आपापले न्यावेत आणि ताक त्यांच्याकडूनच प्यावं.

भंगाराच्या पैशातून टेम्पोचं भाडं निघत नाही. ते वर्गणीतच धरा.