व्यवसायातील नात्यांत राजकीय मतभेद आले, तर काय करावे?

निवडणूक जाहीर झाली की गिरगावातल्या आमच्या छापखान्यात पत्रके छापून घेणाऱ्यांची वर्दळ वाढते, आणि ती पत्रके आम्ही का छापली असे विचारणाऱ्यांचे फोनही वाढतात. २८ वर्षे हे अनुभवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की भागीदार, पुरवठादार आणि गिऱ्हाईक यांची राजकीय मते आपल्याशी जुळावीत यासाठी शक्ती खर्च करू नये. मतभेद व्यवसायात नेमका कोणत्या वाटेने शिरतो ते शोधावे आणि तेवढी वाट वेळेवर बंद करावी. त्यासाठी मी जे करतो ते क्रमाने सांगतो.

१. मतभेद कामाला स्पर्श करतो का, ते आधी तपासा

वाद रंगू लागला की स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या मतभेदामुळे आपले काम, पैसा, फर्मचे नाव किंवा कामगार यांपैकी काही बदलते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो दोन माणसांचा वाद आहे, दोन व्यावसायिकांचा नाही.

टिळक आणि आगरकर यांचे उदाहरण इथे मला नेहमी आठवते. १८८१ साली ‘केसरी’ सुरू करणाऱ्या या मित्रांनी १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यानंतर मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. एवढा जिव्हाळा असूनही आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या प्रश्नावर ते दुरावले. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. वर्तमानपत्राचा मालच मुळी मत हा असतो, म्हणून तिथे तडजोडीला जागा उरली नाही. ते दोघे कागदाचे व्यापारी असते, तर याच वादाने त्यांची भागीदारी मोडली असती असे मला वाटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा व्यवसाय कागद, कापड, मसाला किंवा हिशेब यांचा असतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

२. विषय थांबवण्याचे वाक्य तयार ठेवा

आमचे कागदाचे व्यापारी फोर्टात बसतात आणि दर खेपेला चहा येईपर्यंत राजकारणावर येतात. पूर्वी मी हिरिरीने उत्तरे देत असे. शब्दाने शब्द वाढे आणि भावाची बोलणी तशीच राहून जात. आता मी शांतपणे म्हणतो, “शेठ, या बाबतीत आपले जमायचे नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. ९० जीएसएमचा कागद शुक्रवारी येतोय का, तेवढे पक्के सांगा.” यात मी त्यांच्या मताला मान डोलावत नाही, त्यांना मूर्खही ठरवत नाही आणि बोलणे लगेच कामावर येते. खोटा होकार मात्र देऊ नये, कारण आज एकाला दिलेला होकार उद्या दुसऱ्याच्या कानावर जातो आणि बाजारात आपल्या शब्दाची किंमत कमी होते.

व्हॉट्सॲपवर ऑर्डरचा ग्रुप वेगळा ठेवावा आणि त्यात प्रूफ, चलन व पेमेंट यांखेरीज काहीही टाकायचे नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगावे.

३. फर्मचा पैसा आणि फर्मचे नाव यांविषयी लेखी ठरवा

सर्वांत जास्त नाती इथे तुटतात, म्हणून हा मुद्दा सविस्तर मांडतो. मुंबईत वर्गणी मागायला मंडळ येते, शाखा येते, नेत्याच्या वाढदिवसाचे आयोजक येतात, आणि त्यातले राजकीय काय व सामाजिक काय हे दारात उभ्या माणसाला पटकन सांगता येत नाही. एका गणेशोत्सवात माझ्या भागीदाराने ओळखीखातर आमच्या फर्मचे नाव एका बॅनरवर ‘शुभेच्छुक’ म्हणून घालू दिले. नेत्याच्या मोठ्या फोटोखाली, सर्वांत शेवटच्या ओळीत, लहान अक्षरांत ते नाव होते. तरीही दोन दिवसांत तीन गिऱ्हाइकांचे फोन आले आणि त्यांतल्या एकाने लग्नपत्रिकांचे काम दुसरीकडे नेले. भागीदाराचा हेतू वाईट नव्हता. आम्ही आधी काहीच ठरवले नव्हते, ही चूक दोघांची होती.

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ नुसार फर्मच्या व्यवसायापुरता प्रत्येक भागीदार हा फर्मचा प्रतिनिधी असतो आणि नेहमीच्या कामकाजातील मतभेद बहुमताने सुटतात. भागीदार दोनच असतील, तर बहुमत आणायचे कुठून? म्हणून करारपत्रात सरळ लिहून घ्यावे: “फर्मच्या पैशातून कोणत्याही राजकीय पक्षाला, उमेदवाराला अथवा त्यांच्या कार्यक्रमाला देणगी देण्यासाठी, तसेच फर्मचे नाव बॅनर, पत्रक किंवा समाजमाध्यमांवर अशा कारणासाठी वापरण्यासाठी सर्व भागीदारांची लेखी संमती लागेल. वैयक्तिक देणगी प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून द्यावी.” आम्ही हे लिहून घेतल्यापासून दारात आलेल्या माणसाला “भागीदाराची सही लागते” असे खरे कारण सांगता येते, आणि कोणी दुखावतही नाही.

४. रागापायी पैसे अडवू नका

वाद झाला म्हणून बिल लांबवणे हा प्रकार मी पाहिला आहे आणि तो मला अतिशय गैर वाटतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत, २००६ च्या कायद्यानुसार, लेखी करार करूनही ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते.

५. काम स्वीकारण्याचा नियम सर्वांना सारखा ठेवा

आमच्यासारख्या व्यवसायात राजकारण ऑर्डर होऊनच येते. अशा वेळी सर्व पक्षांचे कायदेशीर काम घ्यावे किंवा कोणाचेच घेऊ नये, आणि जे ठरेल ते निवडणुकीपूर्वी नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगून टाकावे. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक आहे. प्रकाशकाचे दोन व्यक्तींनी साक्षांकित केलेले घोषणापत्र हातात आल्याशिवाय आम्ही काम मशीनवर घेत नाही. हा नियम ओळखीच्या उमेदवारालाही लावला की पक्षपाताची तक्रार येत नाही. दुकानावरची पाटी ठळक मराठीत असण्यासारखा कायद्याचा विषय असेल, तर भागीदारांनी त्यावर आपापले मत खुशाल ठेवावे, पण पाटी आधी लावावी.

कामगारांना मत कोणाला देणार हे विचारू नये. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा त्यांचा कायदेशीर हक्क आहे.

६. वेगळे व्हायचेच असेल, तर रीतीने व्हा

कधी कधी मतभेद माणसाच्या सन्मानावर येतो: भागीदार एखाद्या समाजाच्या गिऱ्हाइकाला किंवा कामगाराला दारातून परतवू लागतो. अशा वेळी मी तडजोडीचा सल्ला देणार नाही. वादाच्या दिवशी मात्र निर्णय घेऊ नये. आठवडा जाऊ द्यावा, मग हिशेबनिसाला बसवून येणी, देणी, यंत्रे आणि शिल्लक कागद यांची यादी करावी. भागीदारी ऐच्छिक असेल, म्हणजे करारात तिची मुदत किंवा ती संपवण्याची रीत ठरलेली नसेल, तर सर्व भागीदारांना लेखी नोटीस देऊन ती विसर्जित करता येते. त्यानंतर जाहीर सूचना द्यायला विसरू नये. फर्म नोंदणीकृत असल्यास ही सूचना भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे, शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यातील एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात द्यावी लागते. ती दिली जाईपर्यंत दुसऱ्या भागीदाराने फर्मच्या नावाने केलेल्या व्यवहाराची जबाबदारी आपल्याही अंगावर येऊ शकते.