पाप आणि दोषाचे इंग्रजी शब्द : लॅटिन मूळ जोडताना या चुका टाळा

दोन शब्द सारखे दिसले की आपण त्यांची सोयरीक जुळवून मोकळे होतो. ‘सिन’ आणि ‘गिल्ट’ लॅटिनमधून आलेले नाहीत, दोन्ही जुन्या इंग्रजीतले. तेव्हा ते या यादीतून आधी काढा.

खरा घोळ ‘कल्पा’ म्हणजे दोष, या मुळाशी होतो. ‘कल्पेबल’ म्हणजे दोष देण्याजोगा. ‘कल्पेबल होमिसाइड’ला कायद्याच्या मराठीत सदोष मनुष्यवध म्हणतात. इथला ‘सदोष’ सदोष यंत्रातला नव्हे. करणाऱ्याकडे दोष जातो, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी चूक, हा खुनाहून वेगळा, हलका गुन्हा समजणे. प्रत्येक खून सदोष मनुष्यवधच असतो. हलका ठरतो तो ‘खून न ठरणारा’ ही शेपटी असलेला. बातमीत नेमकी तीच गळते. जुनी कलमेही तपासा : १८६० च्या दंडसंहितेतले २९९ आणि ३०४ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १०० आणि १०५ झाले आहेत. ‘कल्प्रिट’ आरोपीसाठी वापरू नका. आजच्या इंग्रजीत तो दोषी माणूस.

‘व्हीनिअल’ आणि ‘व्हीनल’मध्ये एका ‘इ’चा फरक, पण पहिल्याचे मूळ ‘व्हेनिया’ म्हणजे क्षमा, दुसऱ्याचे ‘व्हेनम’ म्हणजे विक्री. (विष या अर्थाचा इंग्रजी ‘व्हेनम’ निराळाच.) व्हीनिअल चूक पदरात घेता येते, व्हीनल अधिकारी पैसे खातो. कॅथलिक धर्मशिकवणीतले क्षम्य पाप ते व्हीनिअल. तिथे ‘व्हीनल’ लिहिले तर पाप विकाऊ होते!

‘पेक्कारे’ म्हणजे पाप करणे. त्यातून ‘इम्पेकेबल’ म्हणजे निर्दोष, आणि स्पॅनिशमार्गे आलेला ‘पेकाडिलो’ म्हणजे किरकोळ आगळीक. महाभियोगाचा ‘इम्पीच’ मात्र या घरचा नाही. तो ‘पेडिका’चा, म्हणजे पायातल्या बेडीचा.

‘फॉल्ट’ हा ‘फाल्लेरे’ म्हणजे फसवणे, याचा वंशज. फ्रेंचमधून तो ‘ल’शिवाय आला, लॅटिनची आठवण म्हणून ‘ल’ नंतर घुसवला आणि पुढे उच्चारातही रुजला.

उरला ‘व्हाइस’. दुर्गुण ‘व्हिटियम’पासून, व्हाइस-चेअरमनमधला ‘व्हाइस’ म्हणजे ‘च्या जागी’, आणि फिटरच्या बाकावरचा, वस्तू स्क्रूने आवळून धरणारा व्हाइस ‘व्हिटिस’पासून, म्हणजे द्राक्षवेलीपासून : वेलीचा पीळ तोच स्क्रूचा पीळ.