सामुराईच्या चिलखताखालचा पोशाख कसा नेसावा

जपानमध्ये फुकुशिमातल्या सोमा नोमाओई उत्सवात आजही शेकडो स्वार चिलखत चढवून घोड्यावर बसतात. पूर्वी हा उत्सव जुलैच्या अखेरीस असायचा. माणसांना आणि घोड्यांना उकाडा सोसवेना, म्हणून २०२४ पासून तो मेच्या अखेरीस भरतो. लोखंड, चामडं आणि रेशमी दोऱ्यांचं हे ओझं २० किलोच्या आसपास जातं, आणि एकदा बांधलं की आतली गाठ हाती लागत नाही. म्हणून नाटकासाठी किंवा हौसेनं चिलखत घालणार असाल, तर खरी मेहनत आतल्या कपड्यांवर घ्या. घाई करू नका. चिलखताच्या पेटीवर बसून नेसण्याची जुनी रीत आहे. डावी बाजू आधी, मग उजवी.

सुरुवात फुंडोशीने, म्हणजे लंगोटाने. साध्या एच्चू फुंडोशीत साधारण फूटभर रुंदीच्या लांब पट्टीच्या एका टोकाला नाडी असते. पट्टी पाठीमागे ठेवून नाडी पोटावर बांधायची, कापड पायांमधून पुढे घेऊन नाडीखालून वर काढायचं आणि उरलेला पदर पुढे सोडायचा. चिलखताखालच्या प्रकारात मात्र पुढच्या टोकालाही एक फास असतो, तो गळ्यात अडकवतात. कारण अगदी व्यवहारी आहे: कमरेचं बंधन न सोडता, गळ्यातला फास सैल केला की लघवीला बसता येतं. मला या पोशाखातली ही सगळ्यात शहाणपणाची युक्ती वाटते. कापड सुती किंवा तागाचंच घ्या. पॉलिएस्टर घामाने मांड्या सोलून काढतं.

त्यावर शितागी, आखूड, अरुंद बाह्यांचा किमोनो. डावा पदर उजव्यावर यायलाच हवा. उलटा पदर मृतदेहाला घालतात. पाठीवर एकही चुणी ठेवू नका. दोन्ही हात वर करून, खाली आणून कापड कमरेकडे ओढा आणि मगच ओबी, म्हणजे कापडी कमरपट्टा, बांधा. ओबी अरुंद, दोन-तीन वेढ्यांची, गाठ पुढे आणि चपटी. पाठीवरची फुगीर गाठ धडाच्या कवचाखाली दिवसभर मणक्यात रुतते.

नंतर कोबाकामा, म्हणजे आखूड, आटोपशीर हाकामा (नाड्यांनी बांधायची घोळदार विजार). मागे ताठ फळी असलेली नेहमीची हाकामा इथे चालत नाही. पुढच्या नाड्या मागे नेऊन पुन्हा पुढे आणा, मग मागच्या नाड्या पुढे बांधा. पायांचा घोळ गुडघ्याखाली गोळा करून बांधायचा.

आता ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले मोजे, आणि पोटऱ्यांना क्याहान, म्हणजे बांधायच्या कापडी पट्ट्या. क्याहानची गाठ नडगीच्या हाडावर येऊ देऊ नका, वर सुनेआते, म्हणजे नडगीचं लोखंडी कवच, बसणार आहे. घोड्यावर बसणार असाल तर आतल्या बाजूलाही नको.

वाराजी, गवताच्या चपला, नव्या असतील तर आधी पाण्यात भिजवा, दोऱ्या मऊ होतात. पायाची बोटं चपलेच्या पुढे किंचित बाहेर यायला हवीत. लहान माप वाटलं तरी मोठी घेऊ नका, तशीच ती पकड देते. दोऱ्या बाजूच्या फाशांतून ओवून घोट्याला आवळा.

कवच चढवण्याआधी खाली उकिडवे बसा, उठा, हात गोल फिरवा. काही ओढलं, सरकलं किंवा टोचलं, तर ती गाठ आत्ताच सोडून पुन्हा बांधा. डोक्याला हाचिमाकी, म्हणजे घाम टिपणारी आणि शिरस्त्राणाखाली गादी होणारी पट्टी, सर्वांत शेवटी, शिरस्त्राण घालण्याच्या वेळी.