गुडघा बदलल्यावर इन्फेक्शन झालं तर ऑपरेशन कुठलं, आणि आधी काय करायचं

रिप्लेसमेंटनंतर टाक्यांतून पाणी यायचं थांबत नाहीये, गुडघा लाल, गरम झालाय, किंवा वर्षभर मस्त चालून अचानक सुजलाय, तर प्लीज मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका, आधी ऑपरेशन केलेल्या सर्जनला दाखवा. गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू सापडायचे चान्सेस कमी होतात, आणि जंतू कुठला तेच कळलं नाही तर पुढचं सगळं अंदाजाने चालतं. रक्तात सीआरपी, ईएसआर (शरीरात सूज किती आहे ते सांगणाऱ्या तपासण्या) बघतात, मग सांध्यातलं पाणी सुईने काढून पेशी मोजतात आणि कल्चरला लावतात. कल्चर 14 दिवस ठेवणार का विचारा, काही जंतू फार हळू वाढतात. फक्त थंडी वाजून खूप ताप, बीपी उतरलेलं असं असेल तर थेट इमर्जन्सी गाठा, तिथे वाट बघायची नसते.

नुसत्या गोळ्यांनी हे सहसा बरं होत नाही, कारण जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, औषध आतपर्यंत नीट पोचतच नाही.

ऑपरेशन कुठलं ते मुख्यतः वेळेवर ठरतं. रिप्लेसमेंटनंतरच्या पहिल्या साधारण 4 आठवड्यांत, किंवा त्रास सुरू होऊन 3 आठवडे व्हायच्या आत गेलात आणि बसवलेला सांधा हाडात घट्ट असेल, सैल झाला नसेल, तर तो वाचू शकतो. गुडघा उघडून खराब भाग काढतात, भरपूर धुतात, मधलं प्लास्टिक बदलतात. प्लास्टिक बदलणार ना, हे नक्की विचारा, दुर्बिणीतून नुसतं धुऊन भागत नाही.

उशीर झाला असेल तर बहुतेक वेळा दोन टप्पे. पहिल्यात सगळा सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे मधल्या काळापुरता तुकडा, बसवतात, मग साधारण 6 आठवडे औषधं, जखम कोरडी आणि सीआरपी खाली आला की नवीन सांधा. हे मधले दिवस खरंच जड जातात, वॉकर लागतो, पायावर किती भार द्यायचा ते सर्जनच सांगणार, आणि दोन्ही टप्प्यांचा खर्च, इन्शुरन्सची मंजुरी आधीच विचारून ठेवा. जंतू आधीच कळलेला आणि हाड, कातडी चांगली असेल तर एकाच ऑपरेशनमध्ये जुना काढून नवा बसवता येतो, जर्मनीत हॅम्बुर्गला 1970 च्या दशकापासून करतात.

नंतर रिफाम्पिसिन हे टीबीवरही देतात ते औषध लिहून दिलं तर टीबी झाला म्हणून घाबरू नका, स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) जंतूच्या बायोफिल्मवर ते चालतं म्हणून दुसऱ्या अँटिबायोटिकसोबत देतात. लघवी केशरी होते. रक्त पातळ करायच्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा, त्यांचा असर कमी होतो.